दगडांच्या पोटावरचे आकडे

पांढुर्णा,
२२ सप्टेंबर १९८५

गुणवंता,

आमच्या गच्चीवरून तुझ्या गोठ्याची टिनं दिसतात. तरी तुला तिकीट लावून पत्र पाठवते आहे. नदीपलीकडच्या सख्ख्या भावाशी पोस्टातून बोलायची वेळ येईल असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण परवा तू दवाखान्यातून घरी आलास म्हणून मी सावरगावला धावत आले, तर तू वच्छलाला दारात उभं केलंस. "ते झोपले हायेत ताई," म्हणाली बिचारी, आणि तेवढ्यात तू आत खोकलास. मी चपला घालून परत निघाले.

तुझा उजवा डोळा गेला. मला हे लिहवत नाही. लहानपणी तुझे डोळे आले की आई माझ्याकडून तुझ्या पापण्या कोमट पाण्यानं पुसून घ्यायची, तेच सारखं आठवतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांवरून एकमेकांना दगड मारायची ही गोटमार दरवर्षी होते, दरवर्षी कोणाचं तरी डोकं फुटतं, आणि दरवर्षी आपण म्हणतो, आपल्या घरचं नाही ना, मग झालं. यंदा आपल्या घरचं झालं.

पण म्हणून तू काहीही बोलावंस हे मी चालवून घेणार नाही. दूधवाला चिंधू सांगत होता, सगळं सावरगाव म्हणतं की तुला लागलेल्या दगडाच्या खालच्या बाजूला पांढऱ्या रंगात माझ्या हातचा आकडा आहे. आणि तुझ्या भाऊजींनीच माझ्या जंगलातले दगड ट्रॉली भरून आणले आणि पांढुर्ण्याच्या बाजूनं तुमच्यावर मारले. चिंधूला विचारलं, हे गुणवंता स्वतः म्हणाला का? तर तो बादलीत बघायला लागला.

आकडा कोणालाही काढता येतो. पांढरा ऑइल पेंट काय, कुठल्याही दुकानात मिळतो. मला आधी तो दगड बघायचा आहे. चिंधूजवळ दे. धुऊ नको, पुसू नको.

थोडं तुला माहीत आहे, तरी सगळं सांगते. रामाकोन्याच्या वरच्या राखीव जंगलात, गायखुरीच्या टेकडीवर, दगडांवरची लायकेन मी पाच वर्षं नोंदते आहे. दगडफूल म्हण हवं तर. तू 'दगडाची खरूज' म्हणायचास. जंगलखात्याचा परवाना आहे, पण काही फोडायचं नाही, काही उचलून न्यायचं नाही, या अटीवर. म्हणून मुठीएवढे सुटे दगड निवडले, त्यांच्या पोटावर बारीक आकडा घातला आणि जसे होते तसे पालथे ठेवले. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. दरवर्षी जाऊन त्यांच्यावरचा थर किती वाढला ते मोजते. वर्षभरात नखाच्या जाडीएवढाही वाढत नाही. हे आकडे खाली आहेत हे मला, जंगलाची राखण करणाऱ्या नाकेदार कवडूला आणि माझ्या इथल्या घरच्यांना सोडून कोणाला माहीत नाही.

तुझे भाऊजी त्या दिवशी घरीच होते. त्यांनी मला तसा शब्द दिला होता आणि मी त्याची हमी देते.

जखमेला पाणी लागू देऊ नको.

तुझी,
उषाताई


पांढुर्णा,
६ ऑक्टोबर १९८५

गुणवंता,

दगड मिळाला. माझाच आहे. एक्केचाळीस. चाराचा पाय मी थोडा लांब ओढते, तो तसाच आहे. वर हिरवट राखाडी थर, एका कडेला नारिंगी ठिपके, आणि त्यांच्यावर वाळून काळं पडलेलं तुझं रक्त. मी तो टेबलावर ठेवला आणि आकडा माझ्या वहीशी ताडून बघितला.

लगेच गायखुरीला जाऊन आले. टेकडी साफ आहे. जिथे जिथे दगड होता तिथे ओल्या मातीत खळगा, त्यात पांढरी मुळं आणि गोगलगायी. मोठ्या खडकांना कोणी हात लावलेला नाही, नेमके हातात मावतील असेच नेले आहेत. पाच वर्षांचं काम एका झटक्यात उचललं गेलं. 

कवडूवर माझा पहिला संशय. तो माझ्याकडे बघतच नव्हता. "म्या तं पोयाच्या सणाले घरी गेलो होतो बाई," म्हणाला. "आलो तं टॅक्टरच्या चाकाचे निशान दिसले. मले वाटलं रेतीवाले असतीन." मग रिपोर्ट का नाही केला? "रिपोर्ट केला असता तं मले इचारलं असतं, तू कुठं होता." हे मात्र मला खरं वाटलं. नोकरी वाचवायला गप्प बसला असेल. पण गप्प बसण्याचे पैसे घेतले नाहीत हे कशावरून?

जंगलखात्याच्या रेंज ऑफिसचं पत्र आलं आहे. राखीव जंगलातून दगड बाहेर गेले, त्यांच्यावर आकडे माझे, तेव्हा कोणी नेले हे मी दिवाळीपर्यंत लेखी कळवावं. नाहीतर परवाना रद्द आणि माझी यादी अर्धवट. कॉलेजात प्राचार्यांनी मला बोलावून विचारलं, "मॅडम, घरचंच कोणी होतं का?" म्हणजे गोष्ट नदी ओलांडून कॉलेजापर्यंत पोचली.

आणखी एक गोष्ट सांगते, तुला बाहेरून कळायच्या आत. मागच्या पत्रात मी हमी दिली ती ऐकीव होती. गोटमारच्या दिवशी मी पेपर तपासायला नागपूरला होते, दिवे लागल्यावर घरी आले. हे तेव्हा पलंगावर पडलेले होते, डोकं दुखतं म्हणाले. पण हे खोटं बोलणारे नाहीत हे तुलाही माहीत आहे. माझ्या लग्नाच्या वेळी सावरगावची मुलगी नको म्हणून यांच्या घरात किती बोलणी झाली आणि हे एकटे कसे अडून बसले, ते तू विसरला नसशील.

ट्रॅक्टर कोणाचा होता, तुमच्याकडे काही कानावर आलं का? आलं तर लिही. आणि डॉक्टरांनी दुसऱ्या डोळ्याबद्दल काय सांगितलं तेही लिही.

उषाताई


पांढुर्णा,
१८ ऑक्टोबर १९८५

गुणवंता,

तुझं उत्तर नाही. मी लिहीतच राहणार.

यांचे मित्र मोरेश्वर जिचकार, त्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे. मी त्यांच्या बायकोकडे वाती मागायच्या निमित्तानं गेले आणि विचारलं. ती म्हणाली ट्रॅक्टर पोळ्याआधीपासून मिस्त्रीकडे पडून आहे. अंगणात मात्र चाकांच्या ताज्या खुणा होत्या. बैलगाडीच्या असतील. मला आता सगळी चाकं ट्रॅक्टरचीच दिसतात.

मी तुझ्या भाऊजींबद्दल वाईट काही म्हणत नाही. एवढंच की हे पूर्वी सौंसरच्या शाळेतून आले की चहा घेताना मुलांच्या गमती सांगायचे, ते बंद झालं. गोटमारचा विषय निघाला की अंगणात जातात. तुझा डोळा गेल्याचं मी रडत सांगितलं तेव्हा "मालूम हाय," म्हणाले. कोणी सांगितलं? तर म्हणाले, "गावात सगळेच बोलून राहिले."

मग मी ते केलं जे कधी केलं नव्हतं. हे शाळेत गेल्यावर त्यांची ट्रंक उघडली. त्यात काही नव्हतं. मग माळ्यावर चढले. महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांच्या पेटीमागे यांचा निळा सदरा गुंडाळून ठेवला होता. धुतलेला, पण खांद्यापासून छातीपर्यंत तपकिरी डाग. रक्ताचे. मी दगडावरचे डाग ओळखणारी बाई, मला रक्त ओळखता येणार नाही?

यांच्या अंगावर ओरखडाही नव्हता. मग रक्त कोणाचं? घरी होतो म्हणणाऱ्या माणसाच्या सदऱ्याला ते कुठून लागलं? गर्दीत पुढे गेल्याशिवाय, दगड हातात घेतल्याशिवाय असं होत नाही. गायखुरीचा रस्ता यांना माहीत आहे, माझ्यासोबत दोनदा आले आहेत. आकडे कुठे घालते तेही माहीत आहे.

तुझंच खरं असेल, गुणवंता. मला हे लिहिताना मेल्याहून मेल्यासारखं होतं आहे, पण तुझंच खरं असेल. मी यांना अजून विचारलेलं नाही. सदरा होता तसा ठेवला आहे आणि रोज वर चढून बघते, तिथेच आहे का.

उषाताई


पांढुर्णा,
२९ ऑक्टोबर १९८५

गुणवंता,

दसऱ्याला यांनी आपट्याची पानं माझ्या हातात दिली आणि मी त्यांच्या हातात तो सदरा दिला. सासूबाई समोर होत्या. मी म्हणाले, माझ्या भावाचा डोळा तुम्ही घेतला. माझे दगड नेऊन घेतला.

यांनी सदऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. चिडतील असं वाटलं होतं. "किती दिवसांपासून मालूम हाय तुले?" एवढंच विचारलं. मी सांगितलं. मग पिशवीत दोन कपडे घातले आणि सौंसरला निघून गेले. तिथे शाळेजवळ खोली घेतली आहे म्हणतात. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. मी स्वयंपाक करते, त्या आपलं ताट वाढून घेतात.

आणि त्याच आठवड्यात तुझी चिठ्ठी आली. इतक्या दिवसांनी, तीही चिंधूच्या हाती, आणि काय तर, 'ताई, डोळा माहा गेला. मीच सोडून देऊन राहिलो तं तू कायले धरून बसली? जंगलवाल्याले सांग चोर भेटला नाही.'

ती चिठ्ठी मी परत परत वाचली. मी तुझ्या भाऊजींच्या बाजूनं होते तोवर तू गप्प होतास, आणि गाव बोलत होतं. मी तुझ्या बाजूनं झाले आणि तुला एकदम विषय नकोसा झाला. असं का रे? ज्याचा डोळा गेला त्याला चोर सापडायला नको आहे, हे मी पहिल्यांदाच बघते आहे.

म्हणून काल मी नदीवर गेले. आधीच जायला हवं होतं. पण मी घरातल्या पेट्या धुंडाळत बसले होते. आता पाणी उतरलं आहे. दोन्ही काठ बघितले. पात्रात आणि काठांवर विखुरलेल्या दगडांत माझे बरेच सापडले, इकडेही आणि तिकडेही. त्याला काही अर्थ नाही. इकडून मारलेला दगड तिकडचा माणूस उचलतो आणि परत मारतो, दिवसभर तेच चालतं.

मग मी ढीग शोधले. मारायला आणलेले आणि शिल्लक राहिलेले. आमच्या बाजूला देवळामागे एक ढीग आहे, तो सगळा उलथापालथा करून बघितला. नदीतले गुळगुळीत गोटे, एकावरही आकडा नाही. मग पूल ओलांडून तुमच्या बाजूला आले. कडुनिंबाखाली, जिथे सावरगावचे लोक दगड जमवतात, तिथे दुसरा ढीग. वरच्या थरातले गेलेले, पण तळाशी माझे. बारा, तेहेतीस, अठ्ठावन्न. त्यांच्यावरचं दगडफूल अगदी शाबूत. फेकलेल्या दगडावर पांढरा ओरखडा उठतो, थर चुरतो. हे दगड कोणी फेकलेच नव्हते. त्यांच्या पोटाला गायखुरीची लाल माती अजून चिकटलेली होती.

म्हणजे ट्रॉली पांढुर्ण्यात आलीच नाही. ती सावरगावात रिकामी झाली. माझे दगड आधी तुमच्या बाजूनं आमच्यावर मारले गेले आणि मग त्यातलाच एक कोणीतरी उचलून परत मारला. कोणी, ते त्यालाही ठाऊक नसेल.

ट्रॉली कोणाची होती, गुणवंता? पाच वर्षांपूर्वी मला परवाना मिळाला तेव्हा माझं सामान गायखुरीपर्यंत कोणी पोचवून दिलं होतं? पोळ्याच्या आधी गोठ्याच्या फरशीसाठी कन्हान नदीची रेती आणायला रामाकोन्याला कोण गेलं होतं? मला तूच सांगितलं होतंस, रेती महाग झाली म्हणून.

मला उत्तर पाहिजे. चिठ्ठी नको, उत्तर पाहिजे. आणि यांच्या सदऱ्यावरचं रक्त कोणाचं हे मला अजूनही समजलेलं नाही, त्यामुळे मी कोणालाच सोडलेलं नाही.

उषाताई


पांढुर्णा,
९ नोव्हेंबर १९८५

गुणवंता,

वच्छला येऊन गेली. तिला रागावू नको. ती स्वतःहून आली, बाजाराची पिशवी घेऊन, आणि माझ्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडली.

"ताई, यंदा नदीले पानी लय होतं, आमच्या काठचे गोटे बुडाले होते," म्हणाली. "पोरं म्हणे दगड आना. हे रेती आनाले गेले आन् येता येता तिकडून ट्रॉलीत दगड भरून आनले. तुमचे हायेत हे याहिले मालूम नव्हतं. आपल्या ताईची टेकडी हाय म्हणे, दगड तं जंगलात कोनीबी उचलते." खरं आहे, तुला माहीत नव्हतं. वरून बघणाऱ्याला कळू नये म्हणून तर मी आकडे खाली घातले होते. संध्याकाळची वेळ, खालची बाजू कोण बघतो? आणि म्हणे ते दगड चांगले, खरबरीत, घामेजल्या हातातून सटकत नाहीत. ही तुझीच अक्कल. मला राग आला आणि हसूही आलं, खोटं कशाला सांगू.

इथपर्यंत मी तुला माफ केलं असतं. पुढचं ऐक.

तू पडलास तेव्हा वच्छला शाळेच्या ओट्यावर उभी होती. तिनं बघितलं, डोक्याला गमछा गुंडाळलेला एक माणूस पांढुर्ण्याच्या बाजूनं कमरेभर पाण्यातून आला, दोन्हीकडून दगड येत असताना त्यानं तुला खांद्यावर घेतलं आणि सावरगावच्या काठानं दवाखान्यापर्यंत नेलं. तिथे गमछा सोडला तेव्हा तिला कळलं की हे तुझे भाऊजी. "कोनाले सांगू नको वच्छला," म्हणाले. "पांढुर्ण्यावाले म्हणतीन, बायकोच्या गावाच्या बाजूनं झाला. आन् उषाले मी नदीवर जात नाही म्हणून शब्द देला हाय." ते घरूनच बघत होते गच्चीवरून. तुला पडताना बघितलं आणि राहवलं नाही.

त्यांच्या सदऱ्यावर तुझं रक्त होतं, गुणवंता.

वच्छलानं तुला हे शुद्धीवर आल्याबरोबर सांगितलं. तुला दोन्ही गोष्टी माहीत होत्या. दगड कोणी आणले ते आणि तुला कोणी उचललं ते. मग गावातले लोक दवाखान्यात आले, कोणीतरी आकडा बघितला, कोणीतरी म्हणालं, दगड मोजत फिरणारी तुझीच ताई, हा तुझ्या भाऊजीचाच उद्योग, आणि तू हो म्हणून मान हलवलीस. बस, एवढंच केलंस. स्वतःच्याच ट्रॉलीतल्या दगडानं डोळा गेला हे सांगायची लाज वाटली असेल. मला समजतं. पण त्या एका मान हलवण्यावर मी माझ्या नवऱ्याची ट्रंक उघडली. तिला कुलूपही नव्हतं.

परवा सौंसरला गेले होते. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह. मी सगळं सांगितलं आणि पाया पडायला वाकले, तर ते मागे सरले. "इचारलं असतं तं सांगतलं असतं," म्हणाले. "तू इचारलं नाही. तू हुडकत होती." मी म्हणाले, तुम्ही तरी आपणहून का नाही बोललात? गुणवंतानं तुमचं नाव घेतलं तेव्हा तरी? "त्याचा डोळा गेला होता. म्हटलं बोलू दे त्याले. तू तं ओळखतेस मले."  मी घरी चला म्हटलं, तर ते म्हणाले, बघू.

आता तुझ्याबद्दल. रेंज ऑफिसला मी आज उत्तर लिहिलं. चोर सापडला नाही असं लिहिता आलं असतं, तू सांगितलंस तसं. मी तुझं नाव लिहिलं. माझा सख्खा भाऊ, सावरगाव, यानं आकडे न दिसल्यामुळे दगड नेले, आणि ते जागेवर परत ठेवण्याची जबाबदारी आम्हा दोघांची. दंड होईल. परवाना राहील की जाईल ते सांगता येत नाही, आणि राहिला तरी मोजणी पुन्हा पहिल्या वर्षापासून. दोन्ही पाकिटं मी एकाच वेळी पेटीत टाकते आहे. तुझं नाव मी घेतलं हे तुला आधी माझ्याकडून कळावं. मला फार वाईट वाटलं लिहिताना, पण पुसलं नाही. या घरात आता कोणी कोणासाठी गप्प बसायचं नाही.

भाऊबीजेला मी सावरगावला येणार नाही, आणि तू पांढुर्ण्याला येऊ नको. मी सौंसरला त्यांच्या खोलीवर ओवाळणार आहे. पाट, निरांजन घेऊन जाते. तू तिथे ये आणि जे वच्छला मला बोलली ते त्यांच्या तोंडावर बोल. त्यांनी मागितलेलं नाही. मी मागते आहे. तू आला नाहीस तर मी ताट तसंच परत आणीन आणि पुढच्या वर्षीही वाट बघीन, पण तुझ्या घरी पुन्हा पत्र टाकणार नाही.

तू येशील असं मी त्यांना सांगून ठेवलं आहे.  मी निघताना त्यांनी विचारलं, "बस किती वाजताची हाय त्याची?" मी सकाळची म्हणाले.

सकाळच्याच बसनं ये. उतरताना जपून, त्या गाडीची पायरी उंच आहे आणि एका डोळ्याला अजून अंदाज येत नसेल. ते स्टँडवर आले तर त्यांना हात धरू दे. मागच्या वेळी त्यांनी तुला उचललं तेव्हा तू शुद्धीवर नव्हतास.

उषाताई